नोव्हायला न घेतलेलं नाव

त्याचं नाव बगबुख्श.

प्रवासवर्णन विमानतळापासून सुरू करायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण हे नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकणं मला भाग आहे, का ते पुढे कळेल. ग्रीकांनी त्याचं मेगाबायझस केलं आणि जगाने तेच उचललं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा इराणी सेनापती. मी साताऱ्याच्या कॉलेजात उभं आयुष्य इतिहास शिकवला, पण मलाही तो माहीत नव्हता.

२००६ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि भाचीकडे अमेरिकेला जाऊन आलो. भेटेल तो विचारतो, नायगारा पाहिला का? मी हो म्हणतो. खरं तर पाहिलेला नाही. हो म्हटलं की विषय संपतो, म्हणून म्हणतो. ही माझी सवय आहे, आणि हा सगळा मजकूर त्या सवयीबद्दलच आहे. धबधब्याची वर्णनं हवी असतील त्यांनी दुसरीकडे पाहावं.

कॅरी

कॅरी हे नॉर्थ कॅरोलिनातलं गाव. गाव म्हणायचं ते आपल्या सवयीने. पाइनच्या झाडांत लपवलेली एकसारखी घरं आणि रस्त्यावर माणूस नाही. सकाळी गॅरेजचं दार वर होतं, गाडी बाहेर पडते. संध्याकाळी दार वर होतं, गाडी आत जाते, दार खाली. घरात माणसं राहतात की गाड्या, कळायला मार्ग नाही. माझी भाची मेघना इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. नवरा प्रोजेक्टसाठी टेक्सासला. ती कामावर गेली की मी फिरायला निघे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतले लोक माझ्याकडे, हा माणूस पायी का चालतोय, अशा काळजीने बघत.

पायी चालणारा आणखी एकच इसम होता. उंच, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. काही दिवस नुसत्या माना हलवल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बॉब." चेहरा काही बॉबचा नव्हता. मी सहसा चौकशा करत नाही, पण त्या दिवशी खरं नाव विचारलं. ते हसले. बहराम. इराणातल्या क्रांतीच्या वेळी इकडे आले, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. ऑफिसात कोणाला बहराम म्हणता येईना, म्हणून कोणीतरी बॉब केलं. पुढे शेजारी बॉब म्हणायला लागले, जावईही बॉब म्हणायला लागला. बायको होती तोवर घरात एक माणूस बहराम म्हणत असे. "तुम्ही बहराम म्हणा," ते मला म्हणाले, "कानाला सवय राहू दे."

त्यांच्या घरी मग रोजचं जाणं झालं. साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून कोरा चहा प्यायला मी तिथे शिकलो. आग्रह आपल्याहून कडक. नको म्हणणं हे तिथे हो म्हणण्याची पहिली पायरी धरतात. एकदा जेवायला बसलो तर भाताच्या पातेल्याच्या तळाची लालसर खरवड त्यांनी उलथन्याने सोडवून आख्खी माझ्या ताटात घातली. आमच्याकडे खरवड निघाली की बाई पातेलं लपवते. त्यांच्याकडे तो पाहुण्याचा मान. मला ते आगा म्हणत, म्हणजे आपल्यातलं 'राव' किंवा 'साहेब'.

बगबुख्श मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी भेटला. इजिप्तमध्ये बंड झालं, ते मोडायला बादशहाने त्याला पाठवलं. त्याने बंड मोडलं आणि पुढाऱ्याला शब्द दिला: शरण या, जिवाला धक्का लागणार नाही. बहराम 'शब्द' म्हणाले नाहीत, 'कौल' म्हणाले. मी म्हटलं, हा तर आमचा शब्द. त्यांना इतका आनंद झाला की पुन्हा चहा आला. तर, कौलावर विसंबून पुढारी आणि त्याचे साथीदार कैदी म्हणून दरबारी आले. बादशहाने पाच वर्षं शब्द पाळला. पण त्याच्या आईचा दुसरा मुलगा त्या बंडात पडलेला, तिने पिच्छा सोडला नाही. शेवटी बादशहा वाकला. पुढाऱ्याला सुळावर दिलं, इतरांच्या माना उडवल्या.

"मग बगबुख्शने काय केलं असेल?" बहरामनी विचारलं.

मी मनात म्हटलं, काय करणार, गप्प बसला असेल. मी तेच केलं असतं.

तो गप्प बसला नाही. सिरियात आपल्या मुलखात गेला आणि स्वतःच्याच बादशहाविरुद्ध उभा राहिला. आलेल्या फौजा हरवल्या, आणि त्यांतला जखमी सेनापती हाती लागला तर त्याला जपून परत पाठवला. पुढे समेट झाला. मग एका शिकारीत बादशहावर सिंह झेपावला आणि याने तो आधी मारला. बादशहाच्या आधी मारला, हाच गुन्हा! शिर उडवायचा हुकूम झाला, तो रदबदली होऊन हद्दपारीवर आला. काही वर्षांनी महारोग झाल्याचं सोंग घेऊन, कोणी जवळ येणार नाही अशा बेताने, तो वाळवंटातून घरी पोचला. बायकोने, म्हणजे बादशहाच्याच बहिणीने, अमितीसने, त्याला कसाबसा ओळखला.

मी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी एकांकिका लिहीत असे. कॅरीच्या मराठी मंडळींना मिशिगनमधल्या नोव्हायच्या स्पर्धेसाठी ऐतिहासिक काहीतरी हवंच होतं. दिग्दर्शक नितीन हा नागपूरचा, हसतमुख, कोणाचंही काम अंगावर घेणारा मुलगा. त्याला गोष्ट सांगितली तर म्हणाला, "मामा, सुपर आहे. लिहाच." मी तिथे सगळ्यांचाच मामा झालो होतो.

लिहिताना एक गोष्ट मला सुचली, तिचा मला अजून अभिमान आहे. संपूर्ण नाटकात सगळे त्याला नुसतं सरदार म्हणतात. नाव कोणी घेत नाही. शेवटी तो महारोग्याच्या चिंध्यांत दारात उभा राहतो, नोकर मागे सरतात, आणि अमितीस पुढे होऊन त्याला नावाने हाक मारते. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय न घेणाऱ्या आपल्या बायका समोर बसलेल्या असणार, तिथे ही हाक काय करील, हे मला माहीत होतं. नाटकातला शेवटचा शब्द: बगबुख्श.

बहरामना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मला श्रेय वगैरे नको. नाव एकदाच घ्या, पण नीट. एवढा कौल द्या." मी दिला. मेघना अमितीस करणार होती. तिला त्यांनी अंगणात बसवून उच्चार शिकवला, 'ख' घशातून काढायला लावला. ती हसून हसून बेजार झाली, पण शिकली.

रस्त्यावर

ऑक्टोबरात भाड्याची मोठी व्हॅन करून निघालो. बहरामची मुलगी नोव्हायजवळच राहते, तेव्हा तेही आमच्याच गाडीत, पुढे नितीनशेजारी. मेघनाने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरला होता. बहराम पिशवीभर छोट्या काकड्या घेऊन आले होते. त्यांच्याकडे काकडी फळासारखी खातात, सोलून, मीठ लावून, प्रत्येकाला विचारून.

व्हर्जिनिया संपता संपता डोंगर सुरू होतात. झाडांना लाल, जर्द पिवळा, तांबूस असे रंग. फोटोत भडक वाटतात ते समोर तसे वाटत नाहीत. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो, एवढ्यात मागे निळे दिवे लागले. पोलीस. नितीन स्पीडिंग करत होता. लायसन्स म्हणून त्याने आधी दुसरंच कार्ड पुढे केलं. पोलीस वाकून म्हणाला, कुठले तुम्ही लोक? बहराम म्हणाले, "कॅरी, नॉर्थ कॅरोलिना." पोलिसाने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, सावकाश जा म्हणाला, आणि गेला. एवढंच. पण नंतर गाडीत पुऱ्यांचा डबा कोणी उघडेना.

रात्री ओहायोत मोटेलला उतरलो. सकाळी फुकट नाश्ता असतो. तिथे वेफल करायचं लोखंडी यंत्र होतं, त्यात मी पीठ जास्त ओतलं, ते चारी बाजूंनी बाहेर येऊन टेबलावर ओघळलं. मी कागदी रुमालांनी पुसत असताना नितीन शेजारी येऊन उभा राहिला. पलीकडच्या टेबलावर बहराम उकडलेलं अंडं सोलत होते.

"मामा, एक छोटासा चेंज आहे," नितीन मराठीत म्हणाला.

नोव्हायच्या आयोजकांचा फोन आला होता. सूत्रसंचालनासाठी त्यांना नाटकाची माहिती हवी होती. याने इराणी म्हणून सांगितलं. तर म्हणे, सध्याच्या वातावरणात इराण कशाला? शाळेचा हॉल घेतलाय, हॉलमधल्या अर्ध्या लोकांची ग्रीन कार्डं अडकलीयत, कोणी काही व्हिडिओ काढला तर? नितीनने रातोरात तोड काढली होती. सरदार मराठा करायचा, दख्खनच्या एका बादशहाच्या चाकरीतला. नाव रायाजी. पगड्या आणि अंगरखे न्यू जर्सीत आयसेलिनच्या देशी दुकानातून मागच्या वर्षी आणलेले होतेच, ते गाडीत टाकले होते. संवाद तेच. "आणि लोकांना जास्त भिडेल, मामा. बादशहाने दगा दिला म्हटलं की टाळ्याच."

मला तेव्हा संताप यायला हवा होता. तो आत्ता येतोय, लिहिताना. अरे, त्या माणसाची गोष्टच ही, की त्याला राग आला तो आपल्यांचा! आपला बादशहा, आपली सासूबाई, आपला दरबार. त्यांनी शब्द मोडला म्हणून तो उठला. ते काढून तिथे परका दगाबाज ठेवलात तर उरलं काय? परक्यावर रागावायला कोणाला धैर्य लागतं? ते तर आपण रोज पोहे खाता खाता करतो.

यातलं मी एक अक्षर बोललो नाही. विचारलं ते एवढंच, शेवटच्या हाकेचं काय?

"ते 'धनी' करू ना. मराठा बाई नवऱ्याचं नाव कशाला घेईल? एकच शब्द तर बदलायचाय, यार मामा."

मेघना कॉफी घेऊन आली होती. तिला आधीच माहीत होतं. खाली बघून म्हणाली, "मामा, प्लीज. आमची फाइल पेंडिंग आहे. काल तो पोलीस आला तेव्हा मला काय काय वाटलं तुला सांगू शकत नाही." तिची भीती खरी होती, हे मी मान्य करतो. तिच्यावर माझा राग नाही. पण तिच्या भीतीआड माझी भीती किती सोयीने लपली, तेही सांगायला हवं.

मी म्हणालो, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

आपल्याकडे हे वाक्य सभ्यतेत मोडतं. कॉलेजच्या मीटिंगांत मी ते किती वेळा म्हटलं असेन! त्या वाक्याने कोणाचंही, काहीही मोडता येतं आणि आपले हात स्वच्छ राहतात.

हे सगळं बहरामपासून हातभर अंतरावर झालं. मराठीत. मधे नितीन हसला, मेघनाही हसली, आणि बहरामनी मान वर करून, काही गंमत चाललीय असं समजून, हसून मीठ पुढे केलं.

नोव्हाय

नोव्हाय हे मोटारींवर जगणाऱ्या आपल्या इंजिनिअरांचं गाव. पाहुणचाराला तोड नाही. एका अनोळखी कुटुंबाने आम्हा सगळ्यांना तळघरात गाद्या घालून दिल्या. गॅरेजमध्ये चपलांचा ढीग, भाताचा कुकर सतत चालू, आणि काकू प्रत्येकाला हाताला धरून जेवायला बसवत होत्या. या माणसांना वाईट म्हणायची माझी छाती नाही. म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणसांनी केलं असतं तर निदान कोणाकडे बोट तरी दाखवता आलं असतं.

हॉल शाळेचा. बाहेर बटाटेवडे आणि थर्मोकोलच्या कपांत चहा. मुलं इंग्रजीत ओरडत पळत होती. बहराम मुलीबरोबर आले, काळा सूट, टाय. मला म्हणाले, शेवटच्या मोठ्या पुलाच्या उद्‌घाटनाला हाच घातला होता. मी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसलो. निदान तेवढं तरी करायचं, असं काहीतरी मनात होतं. शिक्षा म्हणा.

पडदा उघडला, पगड्या दिसल्या, टाळ्या. बहराम माझ्या कानाशी म्हणाले, आमच्या जुन्या लोकांना तुम्ही फार सुंदर पागोटी दिलीत. त्यांना मराठी येत नव्हतं, पण शब्द सापडत होते. सरदार. फौज. हुकूम. बादशहा. कौल. प्रत्येक शब्दाला ते माझ्या हातावर बोट टेकवत, जसा काही गर्दीत ओळखीचा माणूस दिसला. गोष्ट त्यांना पूर्ण समजत होती. बादशहाने कौल मोडला तिथे हॉलमधून शिट्टी आली, घोषणाही झाली एक. बहराम खूश झाले. "रागावले," म्हणाले, "बघा, तुमचे लोक रागावले."

शेवटचा प्रवेश आला. नितीन चिंध्या पांघरून दारात उभा. नोकर मागे सरले. बहरामनी मुलीचा हात धरला आणि पुढे झुकले. मेघना पुढे आली. ती खरंच रडत होती. थांबली. मला वाटलं, म्हणेल. देवा शपथ, मला वाटलं ती म्हणेल.

"धनी," मेघना म्हणाली.

टाळ्यांत सगळे उभे राहिले. बहरामही उभे राहिले. ते टाळ्या वाजवत होते पण रंगमंचाकडेच बघत होते, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय असे. पडदा पूर्ण मिटेपर्यंत बघत होते.

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. लेखक म्हणून मला शाल आणि नारळ. ती शाल खांद्यावर असतानाच बहराम वाट काढत आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. फार छान, फार छान. मग जरा चाचरत म्हणाले, "नाव मला ऐकू आलं नाही. कान म्हातारे झालेत माझे."

त्यांनी मला वाट करून दिली होती, हे मला आज कळतं. खरं सांगायला एवढी मोकळी जागा कोणी कोणाला देत नाही.

मी म्हणालो, "हॉलचा माइक खराब होता."

परत

परतीच्या गाडीत सगळे खुशीत. बहराम पुन्हा पुढे. वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर सुरू झाले तसे ते मागे वळून मेघनाला म्हणाले, माइक खराब होता म्हणतात, तर आता म्हणून दाखव ना, अंगणात म्हणायचीस तसं. मेघनाने माझ्याकडे पाहिलं. नितीनने गाणं मोठं केलं. बहराम थोडा वेळ तसेच वळून बसले, मग समोर बघायला लागले.

पुढच्या रेस्ट एरियात गाडी थांबली. इथे हायवेवर ठिकठिकाणी झाडाखाली लाकडी बाकं, स्वच्छ संडास, पाण्याचा नळ असतो. आपल्याकडे असं असतं तर, वगैरे तुलना मी जाताना मनात करून ठेवली होती. बहराम एका बाकावर काकडी सोलत बसले होते. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं. रायाजी, पगड्या, धनी. माइक चांगला होता हेही.

त्यांची सुरी थांबली नाही. साल एकसंध निघत होती.

"गाडीत सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"जातानाही? मी अंडं सोलत होतो, तुम्ही तिथे हसत होतात, तेव्हा?"

"तेव्हाच ठरलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी 'बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं' याचं इंग्रजी करायला गेलो. होईना. शेवटी म्हणालो, "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. काकडी मधोमध चिरली, मीठ लावलं आणि अर्धी माझ्यापुढे धरली. समोर बसलेल्याला दिल्याशिवाय खायचं नाही, ही त्यांची रीत. आग्रह मात्र केला नाही. मी घेतली. खाल्ली.

कॅरीला पोचेपर्यंत ते पुढच्या सीटवर ताठ बसून होते. घर आलं. त्यांनी प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं, नितीनचे गाडी चालवल्याबद्दल आभार मानले, मेघनाला सुंदर काम केलंस म्हणाले. मी त्यांची बॅग दारापर्यंत नेली. दारात म्हणालो, "बहरामसाहेब..."

त्यांनी बॅग माझ्या हातून घेतली. स्वर अगदी साधा होता, सभ्य.

"बॉब म्हणा," ते म्हणाले, "सगळे तेच म्हणतात."